मधले महिने

फॉर्मवर रकाना आहे : मागची तपासणी.
पद्मिनबाई म्हणतात, मागच्या पोळ्याच्या आधी,
अन् पिशवीतून काढतात फिल्म,
गणवेशाच्या निळ्या कापडात गुंडाळलेली.
जिंतूरला त्या शिवणकाम करतात.

"तवा तर काईच नाई म्हणले होते की."

सही डॉक्टरांची होती.
पण प्लेट मी दाबली होती,
श्वास धरा, मीच म्हणाले होते.

फिल्म दिव्यावर लावते.
दाट उती, पांढऱ्यात पांढरं.
जिनिंगमधल्या ढिगात एक पांढरा दोरा
शोधायचा होता, अन् बाहेर रांग.

आता परभणीला नवं डिजिटल यंत्र आलंय.
पडद्यावर काळ्याचं पांढरं करता येतं,
कोपरा ओढून मोठा करता येतो,
चुन्याचे कण रव्यासारखे मोजता येतात.
आजच्या चित्रात गाठ
चष्मा न लावता दिसते.

जुन्यात बघते. परत बघते.
तिथे एक पुसट चुणी आहे,
किंवा माझ्या डोळ्यांना आज ती हवी आहे.
तेव्हा हुकलं?
का तेव्हा नव्हतंच,
अन् मधल्याच कुठल्या महिन्यात
मशीनवर वाकलेली असताना उगवलं?

यंत्र कितीही नवं असो,
आलेल्या दिवसाचंच चित्र काढतं.
नंतरच्या गुरुवारांचं नाही.

"बटनं लावू का?" त्या विचारतात.
थांबा, म्हणते. डॉक्टरांना बोलावते.

मग बाहेरच्या पहिलीला सांगते :
दोन वर्षांनी या,
पण मधेच हाताला काही लागलं
तर तारखेची वाट बघू नका.

ती कार्ड उलटंपालटं करते.
"मंग तारीक कशाला दिली, बाई?"