पन्हा

रात्री अडीच. बोर्ड पुन्हा निपचित.
पत्ता चौसष्ट बिटांचा,
मी ठेवला 'इंट'मध्ये,
जुन्या यंत्रावर मावायचा म्हणून.
वरची बत्तीस बिटं
न कुरकुरता गळून गेली.

इंदूरच्या क्लॉथ मार्केटात
गिऱ्हाईक म्हणे, "दोन मीटर द्या,"
आणि बाबांची कात्री हवेतच:
"पन्हा कुठला? छत्तीस की चव्वेचाळीस?"
एकदा नव्या कैलाशनं विचारलं नाही.
लोंढेबाईंच्या पोलक्याला
बाह्याच उरल्या नाहीत.
पैसे बाबांनी परत केले, कापडही दिलं.

गल्लीत कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येते.
मी अजून एकेका आकड्यापुढे
पन्हा लिहिते आहे:
आठ, सोळा, बत्तीस.
पत्त्याचा तेवढा
लिहीत नाही,
यंत्रालाच विचारते,
कात्री हवेत धरून.