बूट बाहेर काढावेत

बूट बाहेर काढावेत, पहिला नियम एवढाच.
बर्फ आत येऊन वितळतं, फरशी निसरडी होते
आणि इथल्या निम्म्या लोकांना पडणं परवडत नाही.

कुह्मोच्या ग्रंथालयामागची ही खोली
महिन्यातल्या एका गुरुवारी आपली.
एरवी इथे विणकामाचा वर्ग भरतो,
म्हणून खुर्च्यांखाली लोकरीचे तुकडे दिसतील.
ते कुणाच्या चिमटीत येतात, कुणाच्या नाही,
हे बघायचं नाही.
सगळेच बघतात.

स्वतःचं नाव सांगावं. आजाराचं नको.
ते उच्चारून होईतो कॉफी गार होते,
आणि बाहेर तर ते दर नव्या डॉक्टरला
अक्षर अक्षर सुटं करून सांगावंच लागतं.
इथे तेवढी सुट्टी.

‘निदान’ हा शब्द जपून वापरावा.
निदान तुला चालता येतं.
निदान मुलांत उतरलं नाही.
निदान गिळता तरी येतं अजून.
आपल्याला एक निदान मिळायला अकरा वर्षं लागली,
वर आणखी वाटू नयेत.

कुणाच्या मेहुण्याने सांगितलेला बर्चच्या पानांचा काढा
आणू नये. आणलाच, तर सगळ्यांपुरता आणावा
आणि सरबत म्हणून द्यावा.

कुणी रडलं तर लगेच रुमाल पुढे करू नये,
त्याचा अर्थ ‘आवर आता’ असा होतो.
गप्प बसलेल्याची गैरहजेरी मांडत नाहीत.
वेइक्को दोन वर्षं गप्प होता,
मग एका गुरुवारी म्हणाला, खिडकी लावा, वारा येतोय.
आम्ही सगळे उठलो. जे उठू शकत होते ते.

आणि तुलना नको.
हे मी सांगतेय, जिने केली.
सिस्को म्हणाली होती, आज किल्ली फिरेना,
दारात उभी राहिले शेजारी येईपर्यंत.
मी म्हटलं, माझी तीन वर्षांपासून फिरत नाही.
धीर द्यायला म्हटलं. खरंच.
तिने कप खाली ठेवला, दोन्ही हातांनी,
आणि नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला, ती आली नाही.

ज्याचं जळतं त्याला कळतं, म्हणतात.
आपलं जळताना शेजारचं किती जळतंय
ते त्यालाही कळत नाही, हे कुणी सांगत नाही.

जानेवारीत मी तिच्या घरी गेले.
माफी तयार होती, वाटेत चारदा म्हणून पाहिली होती.
तिने दार उघडलं आणि माझ्या हातात
दलदलीतल्या पिवळ्या बेरींच्या मुरंब्याची बरणी दिली.
झाकण माझ्याने निघेना. तिच्यानेही.
मग ती धरून बसली, मी पिळत बसले, मग उलट.
शेवटी शेजारचा नऊ वर्षांचा पोरगा आला,
एका हिसक्यात उघडून गेला, मागे वळूनही न बघता.
आम्ही पावाशिवायच खाल्ला, चमच्याने,
बराच.
माफी राहूनच गेली.

आर्मासची खुर्ची उन्हाळ्यापर्यंत हलवायची नाही.
हा नियम नाही. सवय आहे.

तुओमास म्हणालास ना नाव?
वय विचारत नाही, पण एकोणीसच्या वर नसशील.
कधीचा उंबऱ्यात ओणवा झाला आहेस,
गाठ ओली आहे आणि बोटं ऐकत नाहीत.
थांब, मी वाकते.

माझीही ऐकत नाहीत.
सिस्को, तू बघ जरा. नाही? बरं.

ये तसाच. बुटांसकट ये.
ते पाय वर घेतील,
फरशी पुसायचं फडकं खिडकीत आहे,
आणि ही जागा धरून चाल, इथे उतार आहे.