दाढेचे पैसे

कॉफीच्या डब्यात तीनशे चाळीस डॉलर.
खालच्या डाव्या दाढेसाठी साठवलेले,
दोन हिवाळे, पाचाच्या नि दहाच्या नोटा करून.
डब्याला अजून कॉफीचा वास. नोटांनाही.

केंटकीच्या डोंगरात, हायवेच्या फाट्यावरचं मोटेल,
रात्रपाळीला ऑगस्टपासून मी एकटी.
आधी लोरेटा असायची, तिला कमी केलं.
पार्किंगच्या टोकाचा दिवा गेलाय,
मालकाला तीनदा सांगितलं.
तो म्हणतो, वर्ना, बघू.

हॉबर्ट स्लोनच्या दुकानात
अर्ध्या भिंतीवर गहाण पडलेल्या गिटारी,
खाली चेनसॉ, कुणाच्या तरी लग्नातल्या सुऱ्या-काट्यांची पेटी,
आणि काचेखाली, हिरव्या कापडावर, पिस्तुलं.
मला वाटलं होतं छातीत धस्स होईल.
पाना, पक्कड, पिस्तूल,
एका घरातली भावंडं दिसत होती.

"किती आहेत?" त्यानं आधी हेच विचारलं.
आकडा ऐकून वरच्या कप्प्याचा दिवा मालवला.
भला माणूस.

पहिलं इवलंसं, गुलाबी मुठीचं.
"बायका हेच नेतात," म्हणाला, आणि स्वतःच ओशाळला.
हलकं इतकं, की झटका सगळा मनगटात येणार.

दुसरं चकचकीत, कोरं, स्वस्त.
"घे म्हणशील तर देतो.
पण शंभरात दोन गोळ्या अडकतात."

शंभरात दोन.
मी मनातल्या मनात मांडून पाहिलं:
शंभरातल्या अठ्ठ्याण्णव रात्री
मला पिस्तूल लागतच नाही.

तिसरं काउंटी पोलिसांनी मोडीत काढलेलं.
कडांचा काळा रंग उडालेला,
वर्षानुवर्षं म्यानातून आत-बाहेर करून;
नळीत डोकावले तर आत लख्ख.
"माझ्या थोरल्या भावासारखं," हॉबर्ट म्हणाला,
"हिंडला खूप, भांडला कमी."

स्लाइड मला ओढवेना.
अंगठ्याच्या सांध्यात चादरी बसल्यात,
एकोणीस वर्षांच्या ओल्या चादरी.
"ओढू नकोस," तो म्हणाला,
"डाव्या हातानं घट्ट धर, उजव्यानं पुढं लोट,
फुगलेलं दार लोटतो तसं."
तिसऱ्या खेपेला सरकलं.
आवाज अगदी साधा, कपाटाच्या कडीचा.

किमतीतले वीस त्यानं सोडले.
ते म्यानात गेले. म्यान स्वस्तातलं घेऊ नकोस म्हणाला,
आणि पट्टा रुंद हवा, नाहीतर पँट खाली येते.
हे असलं कुणी आधी सांगत नाही.

शनिवारी जुन्या खाणीच्या कड्याशी
खिळ्यानं ठोकलेल्या कागदी ताटल्या.
एक गोळी तीस सेंट.
तरी शंभर उडवल्या, मोजून,
आणि एकही अडकली नाही.
पहिलीला मी डोळे मिटले होते.
हे हॉबर्टला सांगितलेलं नाही.

आता रात्री दोनला कचरा टाकायला जाते
तेव्हा उजव्या कमरेला पाऊण किलो अंधार असतो, माझा स्वतःचा.
धीर येतो का? येतो.
पण आधी मी झपझप जायची.
आता सावकाश जाते, प्रत्येक गाडीच्या काचेत बघत,
आणि बरंच काही दिसतं
जे पूर्वी दिसत नव्हतं, कदाचित नव्हतंही.

परवा हार्डवेअरच्या दुकानात
त्या दिव्याचा बल्ब पाहिला.
अठरा डॉलर.
बराच वेळ हातात धरून उभी होते.

घास अजून उजवीकडूनच चावते.

रविवारी बहिणीचा टोबिन धावत आला,
सहा वर्षांचा, डोकं बरोबर माझ्या कमरेशी येणारा,
आणि मी, विचार न करता,
अंग वळवलं,
त्याला डावी बाजू दिली.
तो थांबला क्षणभर.
मग तिकडून बिलगला.