विषय क्रमांक सात

ब्लाएनवर्न गावच्या परिषदेची मी कारकून.
सभेचं इतिवृत्त लिहिते,
आणि किटली उकळली की सांगते.

विषय क्रमांक सात : सभागृहाला उतार बांधणे.
हा विषय माझ्याआधीच्या कारकुनाच्या अक्षरातही आहे.
तो निवृत्त झाला, आणि आता
समोरच्या टेकडीवर निजलाय, पाटीच्या दगडाखाली.

सरकारी काम नि सहा महिने थांब.
आम्ही अकरा वर्षं थांबलो.
पैसे होते तेव्हा नकाशा हरवला.
नकाशा सापडला तेव्हा पैसे गटारात गेले होते,
म्हणजे अक्षरशः : चॅपलजवळचं गटार फुटलं होतं.
एकदा कुणीतरी म्हणालं, तीनच तर पायऱ्या आहेत.

तीनच.
त्याही पाटीच्याच दगडाच्या,
मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या.
पाणी साचलं की चिमण्या त्यात अंघोळ करायच्या.

दर गुरुवारी, गाण्याच्या तालमीला,
इद्वलची चाकाची खुर्ची त्या पायऱ्यांशी थांबायची
आणि चौघं बाहेर यायची :
गेथिन खाटीक, पोस्टातला हेविन,
तेग्विन, ज्याचा एक खांदा खाणीनं ठेवून घेतला,
आणि शाळेतल्या मॉर्विद बाई,
ज्यांना कुणी कधी 'तुम्ही राहू द्या' म्हणू शकलं नाही.
एक, दोन...
तीन कुणी म्हणायचंच नाही. तीनला खुर्ची आत.

आठ वर्षांचा होता तेव्हा त्याला गंमत वाटायची.
पंधराव्या वर्षी तो छताकडे बघायला लागला.
एकोणिसाव्या वर्षी, उचलताना, डोळे मिटून घ्यायचा.
तेग्विन धापा टाकत म्हणायचा, जड झालास रे,
आणि आम्ही सगळे हसायचो.
हे इतिवृत्तात नाही.

यंदा मार्चमध्ये उतार झाला.
बारा पावलांत एक पाऊल चढ, दोन्हीकडे कठडा.
कठड्याचा पिवळा कुणालाच आवडला नाही
(त्यावर वेगळी सभा झाली, पावणेदोन तास).
काँक्रीट ओलं असताना एक मेंढी चालत गेली,
तिच्या खुरांचे ठसे तसेच राहिलेत.
कंत्राटदार म्हणतो, बरंच झालं, चाक घसरणार नाही.
फीत कापायला अध्यक्षबाई आल्या, कात्री विसरल्या.
गेथिननं दुकानातून सुरा आणला.

पहिल्या गुरुवारी ती चौघं दाराशी उभी,
सवयीनं, हातमोजे काढून.
इद्वल खालून आला, वळला,
मेंढीच्या पावलांवरून वर चढला
आणि त्यांच्यामधून आत गेला.
हात कुठे ठेवावेत त्यांना कळेना.
हेविननं खिशात घातले.
तेग्विन आपला दुखरा खांदा चाचपत राहिला,
जणू तोही कुणी नेला की काय.

दुसरं गाणं अर्ध्यावर होतं.
इद्वलनं वही मिटली, खुर्ची फिरवली
आणि निघाला.
कुणाला विचारलं नाही. कुणाकडे बघितलं नाही.
खिडकीतून दिसला : उतरला,
खाली क्षणभर थांबला, पुन्हा वर आला,
पुन्हा उतरला,
आणि मग भुरभुरत्या पावसात
बसथांब्याच्या दिशेनं गेलाच.

अकरा वर्षांत पहिल्यांदा
त्याला कंटाळा आला, आणि तो उठून गेला.
'उठून' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय.

त्याची आई, डेलिथ, मधल्या सुरात गात होती.
तिनं मान वळवली नाही.
एक ओळ तेवढी तिच्या तोंडून सुटली,
शेजारणीनं ती दोघींपुरती गायली.

पुढच्या सभेत मी लिहिलं :
विषय क्रमांक सात. काम पूर्ण.
सभागृहातून बाहेर पडण्याची सोय झाली.

सही करताना अध्यक्षबाईंचं पेन थबकलं.
'आत येण्याची, असं म्हणायचंय ना तुला?'

मी म्हटलं, किटली उकळलीय.