तोलून की गणून

'वस्तुमानांक' या शब्दापाशी माझी लाल पेन्सिल
सकाळपासून अडलीय.
पुस्तिकेचं पान सत्तावीस,
खिडकीत सातपाटीची ओहोटलेली खाडी,
आणि काल वर्गात बिपिन तरेनं विचारलेलं:
बाई, वस्तुमान आहे, तर ग्रॅम का नाही लावायचे?

लावायचे नाहीत, कारण ते वस्तुमान नाहीच.
कार्बन-चौदामधले चौदा कुणी तोललेले नाहीत.
सहा प्रोटॉन, आठ न्यूट्रॉन,
डोकी मोजली, बास.
अणुअंकाचंही तसंच. अंक दहाच, शून्य ते नऊ;
लोखंडाचे सव्वीस ही संख्या झाली,
आणि सव्वीस काय, ते शब्द सांगतच नाही.

प्रोटॉनसंख्या, मी लिहिते. हे निभावलं.
दोघांना मिळून मात्र एक नाव हवं.
'केंद्रककण' लिहावं तर दोन क ठेचकाळतात,
छापखान्यात एक दुसऱ्याला नक्की खाणार.
'गाभाकण' फणसातला वाटतो.
न्यूक्लिऑन, मग.
परका आहे, पण एकदाच शिकवावा लागेल.

संध्याकाळी बंदरावर चांगुणाबाय पागधरे
दांडीवरून बोंबील उतरवत होती,
जबड्यात जबडा अडकवलेले, जोडीजोडीनं.
"तोलून देऊ का गणून?"
मी म्हटलं, फरक काय?
ती हसली नाही.
"शंभर ओले टांगले, शंभरच सुके उतरले.
काट्याला विचार, तो वेगळंच सांगेल."

मी तिथेच उभी.
केंद्रकातही असंच: एकमेकांत अडकले
की सगळ्यांचं मिळून वजन थोडं कमी भरतं,
डोकी तेवढीच.
(इथं पाणी उडतं, तिथं ऊर्जा जाते;
उपमा पुस्तिकेत घालायची नाही.)

तरी 'मोजणे' हे क्रियापद दगाबाज.
आपण उंचीही मोजतो, तापही, पैसेही.
समासात लिहिलं: न्यूक्लिऑनसंख्या.
एकक नाही. ही गणती आहे.

घरी पुडी सोडली.
पन्नास मागितले होते, एक्कावन्न निघाले.
वरचा एक तिनं न बोलता टाकलेला,
जादा न्यूट्रॉनसारखा:
नाव तेच राहतं,
संख्या बदलते.
उद्या बिपिनला हे सांगावं का,
पेन्सिलीला टोक काढत बसलेय.