दाराजवळची जागा

विडी घरकुलात, पाण्याच्या टाकीमागं आमची खोली.
सतरंजी, फळा, स्टुलावर एक पंखा,
तोही मान एकाच बाजूला वळवणारा.
चारला मुलं येतात.
आया तेव्हा सुपात पानं घेऊन बसलेल्या,
हजाराचा हिशेब व्हायचा असतो.

यादगिरी येमूल पहिल्या दिवशी उंबऱ्यालगत बसला,
चप्पल न काढता.
‘आत ये’ असं मी म्हटलं नाही.
तेवढं मला माझ्याच लहानपणानं शिकवलेलं.

त्याच्या घरात दोन माग.
ते चालू असले की शेजारी काही पोचत नाही,
टीव्ही नाही, भांडण नाही,
पट्टा नाही.
हे कळलं लाईट गेली तेव्हा.
सगळी गल्ली एकदम गप्प
आणि हा बोलायला लागला, खाली बघत, भराभर,
लाईट यायच्या आत उरकायचं असल्यासारखा.
मी हातातला खडूसुद्धा खाली ठेवला नाही.
मग खटक्‌खट् खटक्‌खट्.
वाक्य ‘मग अम्मा’ इथंच राहिलं.

त्या आठवड्यात ज्या दारांवर जायला हवं होतं
त्या दारांवर मी गेले.
एका दारावर तीनदा.
बाप आता त्या घरात राहत नाही.
हे एका ओळीत लिहिलं, पण त्याला पावसाळा गेला.

एका कार्यक्रमात पाहुणे म्हणाले,
सोलापूरच्या मुलांना काय सांगायचं,
तुटलेला धागा जोडणं तुमच्या रक्तात आहे.
टाळ्या पडल्या.
साहेब, धाग्याला रात्री झोप लागते.

आमचं काम त्याहून बारीक.
कडक भाकरीचा तुकडा पाडला की तो दचकायचा,
म्हणून मी आधी सांगू लागले, ‘मोडते हं.’
उठताना, ‘खिडकी लावायला उठतेय.’
मागून जाताना, ‘मी आहे, मागून जातेय.’
दिवसातून चाळीस वेळा.
बाकीची पोरं हसली, मग तीही सांगू लागली.

एकदा चहा सांडला वह्यांवर.
त्यानं डोळे मिटून गाल पुढं केला.
मी म्हटलं, ‘फडकं खुंटीला आहे.’
बराच वेळ तो तसाच.
मग उठला. पुसलं.
वाळलेल्या वहीवर अजून तपकिरी सोलापूर आहे,
तळ्यासकट, असं तो म्हणतो.

अजूनही वाईट दिवस येतात.
परवाच गणिताचं पुस्तक फाडलं,
दोन दिवस आला नाही.
तिसऱ्या दिवशी आला, चिकटपट्टी घेऊन.

आज नवी मुलगी आली, श्रीलता.
हाताची बोटं बाहीत ओढलेली.
दारात उभी, ना आत ना बाहेर.
मी काही बोलायच्या आधी यादगिरी सरकला,
आपली जागा हातानं झाडली,
‘इक्कड कूर्चो,’ म्हणाला,
‘इथून दार दिसतं.’

मग शेंगाचटणीची पुडी सोडली,
भाकरी दोन्ही हातांत धरली
आणि तिच्याकडं न बघता
हळू आवाजात:
‘मोडतो हं.’