उसनं

बापाच्या दुकानावर पत्र्याची पाटी होती,
बसऱ्यात, अशारच्या कालव्याशेजारी.
अरबी बाराखडीत प नाही, च नाही,
म्हणून रंगाऱ्यानं लिहिलं : बंजरजी.
आणि अख्खं गाव न अडखळता वाचायचं : पंचरची.
पंक्चर कुठल्याशा गोऱ्या शिपायाच्या लॉरीतून सांडलेलं,
शेपटीचा ची तुर्क जाताना विसरून गेलेले.
परतलेल्या दोन सैन्यांच्या मधोमध
माझा बाप उकिडवा बसून
ट्यूब पाण्यात दाबायचा
आणि बुडबुड्याची वाट पाहायचा.

सित्त नहिदा वर्गात म्हणाल्या,
घरात जे जे परकं बोलता, त्याची यादी आणा.
मी मन लावून केली.
परदा फारसी. मेज फारसी.
खाट म्हणजे चरपाया, तीही
चार पायांवर कुठून चालत आली कोण जाणे.
इस्त्रीला ऊती, चमच्याला खाशूगा, दोन्ही तुर्की.
रिकाम्याला बोश. म्हणजे रिकामंही दुसऱ्याचंच.
'सुद्धा' म्हणायला हम्म,
म्हणजे सुद्धासुद्धा आपलं नव्हतं.
तळाशी लिहिलं : वडिलांचा धंदा.

सित्तनं लाल शाईनं एकेकासमोर शुद्ध शब्द मांडला.
शेवटच्या ओळीपाशी पेन टेकलं आणि तसंच राहिलं.
वही कधीच गेली;
तो पसरत गेलेला ठिपका मात्र अजून ओला आहे.

बापानं वही काळ्या बोटांनी, कडेला धरून पाहिली.
म्हणाला, परत करायचं तर करू की.
पण नेऊन द्यायचं कुणाच्या दारात?
आणि आज रात्री आमटी ओरपायची कशानं?

मग बरंच काही झालं. ते नको.
बाप नाही, पाटी नाही,
मी कैरोत, शुब्र्यात, चौथ्या मजल्यावर.
पहिल्या आठवड्यात अम्म बिशाराच्या दुकानात
बातम्यांतल्या बाईसारखी बोलले.
मीठ, साबण, मसूर, सगळं व्याकरणासकट,
कुठली ते कळू नये म्हणून.
आणि अगदी निघताना जीभ घसरली :
दोन खाशूगा द्या.
त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "इराकची?"

जे सित्तच्या सगळ्या शुद्ध शब्दांनी झाकलं होतं
ते एका उसन्या चमच्यानं उघडं केलं.

तेव्हापासून आमची उधारी दोन वह्यांत चालते.
पुलाला मी जिस्र म्हणते, तो कोब्री.
खोलीला मी घुर्फा, तो ओदा.
"तुर्कांनी आम्हाला पूल दिला, तुम्हाला चमचा,"
तो पुडी बांधता बांधता म्हणतो,
"फसलं कोण, सांगा."
त्याची ताराबेझा ग्रीक आहे असं मी एकदा बोलले,
तर रागावला.
"टेबल माझ्या आजीचं होतं," म्हणाला,
"ग्रीकांचा काय संबंध?"
आणि त्या दिवशी सुट्टे नाहीत म्हणून पैसे घेतले नाहीत.

शुक्रवारी सकाळी गाढवगाडी येते.
रोबाबिकिया! रगब ओरडतो,
गल्लीच्या दोन्ही भिंती त्याला ओ देतात.
इटलीचे दोन शब्द होते म्हणे, जुनंपानं सामान,
घासून घासून एक झालेले.
मी बाल्कनीतून दोरीनं टोपली सोडते.
आत जळकी इस्त्री.
वरूनच विचारते, या ओरडण्याचा अर्थ काय रे?
तो गाढवाच्या तोंडाशी बादली धरून उभा.
"अर्थ?" म्हणाला. "अर्थ असा, की मी आलोय."

मग इस्त्री उलटीसुलटी करून, "मकवा. पाच गिनी."
मी वरून : ऊती आहे ती.
"बरं, ऊती," तो म्हणाला, नवा शब्द हातात तोलत,
"ऊतीचे सात."